धावू नये

५ जानेवारी, सोमवार
कार्यालय, जेवणाची सुट्टी

प्रिय साडूस,

विषय: डाव्या पायाचा पॅड परत करण्याबाबत.

आपल्या संघाच्या सामानाच्या यादीत पॅडच्या दोन जोड्या आहेत. काल मोजल्या तेव्हा दीड भरली. उरलेला एक पॅड तू मे महिन्यात बदली घेऊन गेलास तेव्हा तुझ्या ट्रंकेत गेला, असा आमचा पक्का संशय आहे. वजनमापं खात्याचा संघ आणि त्याच्याच सामानात अशी घट, हे बरं दिसत नाही. तरी पॅड लवकर पाठवावा.

पत्राचं काम इथे संपलं. कागद अर्धा कोरा राहिलाय म्हणून पुढे लिहितो, त्याचा वेगळा अर्थ काढू नकोस.

काल वीजवाल्यांविरुद्ध आपण सर्वबाद सदतीस झालो. त्यात चौदा अवांतर. बारा ड्रायव्हरच्या, नाबाद. राहिलेल्या अकरा धावा दहा जणांनी मिळून काढल्या, त्यांपैकी तीन माझ्या. तिन्ही पळून काढलेल्या आहेत, हे कुणी लक्षात घेत नाही. सलामीला नेहमीप्रमाणे मी आणि आपले हेडक्लार्क डुलकीसाहेब. साहेब पंचांकडून गार्ड घेता घेताच बाद झाले. म्हणजे गार्ड घेऊन झाला होता, पण त्यांना वाटलं अजून चालू आहे.

तुझ्या बदलीला आठ महिने होतील. सकाळी आपण एकाच बसने यायचो, आता तुझ्या जागेवर कुणीही बसतं. एका अक्षरापायी माणूस एवढा रुसतो, हे मी नोकरीत पाहिलं नव्हतं. पुन्हा सांगतो, तू एकोणपन्नासवर होतास, मी समोरच्या टोकाला होतो आणि मी ओरडलो ते "धावू नये" असं ओरडलो. तुला त्यातलं फक्त "ये" ऐकू आलं. तू निम्म्यावर आलास, मी जागचा हललो नाही, आणि तू धावबाद झालास. यात माझी चूक असलीच तर एवढीच की चोवीस वर्षं "तराजूस हात लावू नये", "मापावरील शिक्का खोडू नये" अशा पाट्या लिहून लिहून माझ्या तोंडी तेच बसलंय. दुसरा कुणी असता तर सरळ "नको" म्हणाला असता.

माझं अर्धशतक सोडलं तर आपल्या संघाच्या नावावर आहे काय? तुझंही झालं असतं तर करमणूक खोलीतल्या त्या फळीवर दुसरं नाव लागलं असतं. मला आनंदच झाला असता.

पॅड पाठव.

तुझा,
साडू आणि कर्णधार

१९ जानेवारी, सोमवार
कार्यालय

प्रिय साडूस,

पॅड मिळाला. धुतलेला आहे, तुटलेला पट्टाही शिवलेला आहे. तो टाका माझ्या मेहुणीचा हे मी ओळखलं, कारण तुला सुईत दोरा ओवता येत नाही. पार्सल तीन वेळा झटकून पाहिलं. आत चिठ्ठी नव्हती. दोन ओळींनी टपालाचं वजन किती वाढलं असतं, हे निदान तुला तरी सांगायला नको.

काल पाणीपुरवठावाल्यांशी सामना होता. बातमी दुसऱ्या कुणाकडून कळून तू हसण्याआधी मीच सांगतो. सर्वबाद एकोणतीस.

पण आधीची हकिगत ऐक. त्यांचा चेंडू हातात घेतल्याबरोबर मला तो हलका वाटला. आपल्या खात्यात हात खोटं बोलत नाही. मी जीपमधून तपासणीचा काटा आणवला, मैदानावर समतोल लावला आणि सगळ्यांसमोर चेंडू तोलला. चार ग्रॅम कमी. त्यांचा कर्णधार म्हणाला, "साहेब, खेळायचंय की जप्त करायचाय?" मी म्हणालो, "नियमात बसेल तो चेंडू आणा." चाळीस मिनिटं गेली, दुकान उघडवून ते नवा कोरा चेंडू घेऊन आले. तोही तोलला. बरोबर भरला. आणि त्या बरोबर भरलेल्या चेंडूने त्यांनी आपल्याला अकरा षटकांत गुंडाळलं. नवा चेंडू जुन्यापेक्षा हवेत जास्त वळतो ही गोष्ट माझ्या लक्षात नव्हती. तत्त्व म्हणून मी बरोबर होतो, हे पंचांनीही मान्य केलं. ते मान्य करताना हसत होते.

ड्रायव्हर पुन्हा नाबाद, यावेळी नऊ. घरी आमच्या हिने विचारलं, "त्या ड्रायव्हरला पहिला का नाही पाठवत?" मी तिला समजावलं की फलंदाजीचा क्रम सेवाज्येष्ठतेच्या यादीप्रमाणे लागतो, तो माझ्या आधीच्या कर्णधारानेही मोडला नव्हता. तो मोडला तर उद्या डुलकीसाहेबांना कुठे बसवणार? ही म्हणाली, "जिथे बसून झोप लागते तिथे." तू इथे होतास तेव्हा तूही हेच म्हणायचास. तेव्हाही मी ऐकलं नव्हतं. तुला सहावा पाठवायचो कारण तू सहावा रुजू झाला होतास, आणि तुझ्या आधीच्या पाचजणांनी केलेली घाण तू गुपचूप निस्तरायचास.

या ओळीवर मी शाई सांडणार होतो, पण राहू दे.

तुझा,
साडू

२ फेब्रुवारी, सोमवार
घर, संध्याकाळ

प्रिय साडूस,

पुढच्या फेरीचं वेळापत्रक आलं. पंधरा तारखेला आपली गाठ तुमच्या कार्यालयाशी आहे, तुमच्या मैदानावर. मी काही केलेलं नाही, चिठ्ठ्या टाकल्या होत्या.

घरात वातावरण तंग आहे. दोघी बहिणींनी नऊ महिन्यांत एकमेकींचं तोंड पाहिलेलं नाही. आपल्यापायी त्यांनी का भोगायचं, असं मला कुणी विचारत नाही, पण ताट वाढताना ताट जसं आपटलं जातं त्यात सगळं येतं. फोनवर दोघी बोलतात. मी पाण्याला म्हणून स्वयंपाकघरात गेलो की बोलणं थांबतं आणि मी तहान नसताना दोन पेले पाणी पिऊन बाहेर येतो. काल ही म्हणाली, "पंधराला तिथे जाताय ना, मग त्याच्याशी बोलून या. न बोलता परत आलात तर मी बॅग भरून धाकटीकडे राहायला जाते. तुमचं तुमच्या संघाबरोबर चालू द्या." ही बोलते तसं करते, हे मी तुझ्या लग्नाच्या वेळीच पाहिलंय. धाकटीसाठी माझ्या खात्यातलाच मुलगा पाहा म्हणाली होती, आणि मी तुला घरी घेऊन आलो होतो. तू चहाचा कप उलटा धरला होतास. तरी पसंत पडलास.

तर मैदानावर भेटलो की सरळ बोलू. त्यासाठी मुद्दा आधीच स्पष्ट असावा म्हणून मी एक चाचणी घेतली. तुला वाटतं मी मुद्दाम केलं, म्हणून शास्त्रशुद्ध चाचणी. गोदामामागे पट्टीने बावीस यार्ड मोजून ड्रायव्हरला उभा केला आणि दहा वेळा "धावू नये" असं ओरडलो. दहाही वेळा त्याला नीट ऐकू आलं. आता त्या दिवशी मैदानावर वारा होता आणि गोदामामागे वारा नसतो, हा फरक धरावा लागेल. शिवाय ड्रायव्हरचे कान हॉर्न ऐकून तयार झालेले आहेत. एकूण चाचणी माझ्याच बाजूने जाते असं मला वाटतं.

दहा वेळा ओरडून झाल्यावर ड्रायव्हरने विचारलं, "साहेब, पळताना एवढं लांबलचक कोण बोलतं?" त्याला मी गाडी धुवायला पाठवलं.

एक निर्णय घेतलाय. ज्येष्ठतेची यादी मोडायची नाही, पण उलटी वाचायची. ड्रायव्हर पहिला, डुलकीसाहेब अकरावे, मी दहावा. नियमही राहिला आणि बदलही झाला. ही म्हणाली, "एवढी अक्कल यायला सतरा वर्षं लागली." मी कर्णधार होऊन सतराच वर्षं झाली आहेत, म्हणजे तिचा हिशेब बरोबर आहे.

तुझा,
साडू

१६ फेब्रुवारी, सोमवार
कार्यालय

प्रिय साडूस,

काल आपण प्रत्यक्ष भेटलो, तरी लिहायची सवय लागलीय म्हणून लिहितो.

सर्वबाद चव्वेचाळीस. ड्रायव्हरने एकट्याने एकतीस काढल्या. तो बाद झाल्यावर बाकीचे कागद उडावेत तसे गेले. क्रम सुलट लावा की उलट, मधली माणसं तीच राहतात, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

मग तू खेळायला आलास. बारावर असताना तू तो उंच फटका मारलास आणि चेंडू माझ्याकडे आला. सरळ माझ्या हातात. आणि सुटला.

त्यानंतर काय झालं ते तुला माहीत आहे. मी पडलो. तू धाव पूर्ण करून थेट माझ्याकडे आलास, खांद्यावर हात ठेवलास आणि म्हणालास, "दादा." नऊ महिन्यांनी. पुढे तू काही म्हणणार होतास, तेवढ्यात पंच ओरडले. सामना तुम्ही पुढच्या चार षटकांत जिंकलात.

परत येताना जीपमध्ये डुलकीसाहेब, जे जागे होते, म्हणाले, "मानलं तुम्हाला. सामना गेला तरी चालेल, पण नातं राखलंत. असा झेल कुणी सोडत नाही." ड्रायव्हरने आरशातून माझ्याकडे पाहून मान डोलावली. मी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं असं नाही. माणसाच्या मोठेपणाची चर्चा चालू असताना मध्ये बोलणं बरं नव्हे.

घरी पोचेपर्यंत बातमी पोचली होती. धाकटीचा फोन आला होता. हिच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाली, "तुम्ही हे कराल असं मला वाटलं नव्हतं." लग्नाला सव्वीस वर्षं झाली, एवढ्या मऊ आवाजात ती माझ्याशी कधी बोलली असेल तर मला आठवत नाही. बावीस तारखेला, रविवारी तुम्ही दोघं जेवायला येताय असं दोघी बहिणींनी ठरवून टाकलंय. चादरी धुवायला काढल्या आहेत. का, ते विचारायची माझी हिंमत नाही.

असो. नात्यापुढे एका झेलाचं काय एवढं. या, वाट पाहतो.

तुझा,
साडू

२० फेब्रुवारी, शुक्रवार
कार्यालय, सकाळी

प्रिय साडूस,

हे पत्र टपालाने वेळेत पोचणार नाही. तुमच्या कार्यालयाला प्रमाणित वजनं घेऊन आज ड्रायव्हर येतोय, त्याच्या हाती देतो. रविवारी जेवायला येण्याआधी तू हे वाचायला हवं. वाचून आला नाहीस तर मी काही म्हणणार नाही.

चार दिवस मी मोठा माणूस म्हणून वावरतोय. कार्यालयात येणाराजाणारा पाठ थोपटतो. एका दुकानदाराने तर त्याचा काटा तपासताना मला बसायला खुर्ची दिली आणि म्हणाला, "ऐकलं तुमच्याबद्दल." त्याचा काटा दहा ग्रॅम खात होता. मी दंड केला, तरी तो माझ्याकडे आदरानेच बघत राहिला. काल ही मला म्हणाली, "त्या मेमध्ये तुम्ही नक्कीच 'नये' म्हणाला असणार. आतापर्यंत माझा थोडा संशय होता. आता गेला." आणि पाठ करून झोपली. मी मात्र बिछान्यावर ताठ पडून होतो.

तर ऐक. तो झेल मी सोडलेला नाही. तो सुटला. मला तो हवा होता. चेंडू वर गेला तेव्हा माझ्या मनात नातंबितं काही नव्हतं. एवढंच होतं की हा बाद झाला पाहिजे, बारावर झाला पाहिजे आणि माझ्याच हातून झाला पाहिजे. मी देवाचं नाव घेऊन हात पुढे केले. चेंडू तळव्यावर बसला आणि माझी बोटं मिटायच्या आत निघून गेला. मी पडलो तो दुःखाने पडलो. करंगळी अजून सुजलेली आहे. तीच करंगळी आमची ही रोज हळदीने शेकते आणि मला भल्या माणसाची करंगळी म्हणते.

इथे थांबता आलं असतं. झेलाची चूक दुरुस्त झाली. पण मग तू विचारशील, हा माणूस झेलाबद्दल एवढा खरं बोलतोय तर मेमधलंही खरंच असणार. म्हणून तेही लिहायला लागेल.

मी "नये" म्हणालो नाही. मी "ये" म्हणालो.

चेंडू पॉइंटवाल्याच्या हातात गेलेला मला दिसत होता. धाव नव्हतीच. आपल्या संघात शेवटचा कॉल कर्णधाराचा, हा नियम मीच केलेला. तू माझ्याकडे पाहिलंस. एकोणपन्नासवर होतास. आणि मला एकदम करमणूक खोलीतली ती फळी दिसली. वर "अर्धशतकवीर" असं लिहिलंय, खाली सतरा वर्षं माझं एकच नाव आहे आणि त्याखाली सोळा रेघा कोऱ्या. जेवणाच्या सुट्टीत कॅरम खेळताना मी मुद्दाम तिच्यासमोरच्या खुर्चीवर बसतो, हे तुला माहीत आहे. त्या पन्नास धावांत दोन झेल सुटले होते, ते फळीवर लिहिलेलं नाही. नोकरीत माझी बढती दोनदा हुकली. घरात माझं कुणी ऐकत नाही. ती एक फळी होती.

मी "ये" म्हणालो आणि बॅट क्रीजमध्ये टेकवून उभा राहिलो. तू निघालास. निम्म्यावर तू माझे पाय पाहिलेस, ते मी पाहिलं.

"नये" मला तू पॅड सोडत असताना सुचलं. पहिल्यांदा डुलकीसाहेबांना सांगितलं, ते लगेच पटलं त्यांना. मग सगळ्यांना पटत गेलं. पुढे पुढे मलाही पटलं. गोदामामागे चाचणी घेतली तेव्हा मला मनापासून वाटत होतं की ड्रायव्हरला एकदा तरी चुकीचं ऐकू यावं.

आयुष्यभर लोकांचे काटे तपासत आलो आणि स्वतः एका धावेचं माप मारलं. मला लाज वाटते. ही लाज मे महिन्यातच वाटायला हवी होती, तेव्हा मी यादी आणि वारा आणि पाट्या घेऊन बसलो.

हिला हे अजून सांगितलेलं नाही. तू आलास तर तुझ्यासमोर सांगेन. येणार नाहीस असं ड्रायव्हरकडून कळलं तर आज संध्याकाळी एकट्याने सांगावं लागेल, आणि मग बॅग भरली जाईल ती माझी.

कर्णधारपद आज सोडलं. अर्ज डुलकीसाहेबांच्या टेबलावर आहे, ते उठले की वाचतील. ड्रायव्हरला करा, अशी शिफारस केली आहे.

तुझा,
साडू

२० फेब्रुवारी, शुक्रवार
दुपारी

प्रिय दादा,

ड्रायव्हर खाली गाडी चालू ठेवून उभा आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा बाहेर व्हरांड्यात जाऊन वाचलं.

आधी झेलाचं. चौदा वर्षं मी तुमचं क्षेत्ररक्षण पाहतोय. तो झेल तुम्ही मुद्दाम सोडलात असं मला एक क्षणही वाटलं नाही. खांद्यावर हात ठेवला तो तुम्ही फार वाईट पडलात म्हणून. "दादा, लागलं का" असं विचारणार होतो, पंच मध्ये ओरडले. मग दोघी बहिणींनी फोनवर त्याचं काय काय केलं ते मला रात्री कळलं. त्या इतक्या खुशीत होत्या की मी गप्प राहिलो. म्हणजे चार दिवस मीही थोडं माप मारलंच.

आता मेचं. तुम्ही "ये" म्हणालात हे मला माहीत होतं. बदली मागितली ती धाव गेली म्हणून नाही. तुम्ही सगळ्या कार्यालयाला सांगितलंत की मला ऐकू कमी येतं. डुलकीसाहेब माझ्याशी मोठ्याने बोलायला लागले. शिपाई दोनदा सांगायला लागला. शेवटी हिने मला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. त्याने कान तपासले आणि म्हणाला, चांगले आहेत, उगाच का आलात. त्याचा कागद अजून माझ्या कपाटात आहे. तो तुमच्यासमोर कसा टाकायचा ते कळेना, म्हणून निघून आलो. तुमच्या मनात त्या वेळी काय होतं ते मात्र मला माहीत नव्हतं. ते आज कळलं. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. फळीवर नाव यावं असं मलाही फार वाटत होतं.

रविवारी आम्ही येतोय, बारापर्यंत पोचू. वहिनींना आज सांगू नका, माझ्यासमोर सांगा. मी शेजारी बसेन.

एक गोष्ट तुम्ही पत्रात चुकीची लिहिलीत, तेवढी दुरुस्त करतो. तुम्ही लिहिलंय, चेंडू पॉइंटवाल्याच्या हातात गेलेला तुम्हाला दिसत होता. तो मलाही दिसत होता. पण "ये" तुम्ही म्हणालात. मला वाटलं, मला न दिसणारं काहीतरी दादांना दिसत असेल, म्हणून निघालो.

तुमचा,
धाकटा साडू